पर्ड्यूचा जुलै : शाळकरी पोरांमागे अजून धावायचं का?

वाबाशकाठी
रविवार, जुलै २०२५, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून लिहायला बसलोय. विषय अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा आहे. इथे इंडियानात राहणारे, राहून गेलेले बरेच जण आहेत, शिवाय ज्यांची मुलं शाळेत खेळतात असेही आहेत, म्हणून धागा.

पर्ड्यू हे इंडियानातलं विद्यापीठ. तिथे मी एम. एस.ला आलो तेव्हा या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात रूममेट मॅकी अरीनात, म्हणजे पर्ड्यूच्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये घेऊन गेला. चौदा हजार माणसं, अख्खं छप्पर दणाणत होतं, आणि बाहेर वाबाश नदीवरून येणारा तो हाडं गोठवणारा वारा. त्या रात्री जीव जडला, त्याला यंदा एकोणीस वर्षं होतील.

आज दिवसभर इंडियानापोलिसच्या उत्तरेला एका भल्यामोठ्या क्रीडासंकुलात होतो. शेजारीशेजारी कोर्टं, प्रत्येकावर सामना, शिट्ट्यांचा आवाज एकमेकांत मिसळलेला. जुलैत कोचना क्लबांच्या स्पर्धांना जाऊन शाळकरी मुलांचा खेळ पाहायला मोजकेच दिवस मिळतात. त्याला इथे लाइव्ह पीरिअड म्हणतात. माझ्या मुलाच्या शाळेतला एक मित्र क्लबकडून खेळतोय, पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ चालवणारा) आहे, त्याचा सामना बघायला आम्ही बापलेक गेलो होतो. त्याला इथे छोटू म्हणतो. उंची पाच अकरा, म्हणजे आपल्याकडे उंच आणि इथे बुटका.

सामना सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. काळा-सोनेरी पोलो घातलेले पर्ड्यूचे एक असिस्टंट कोच येऊन बेसलाइनच्या खुर्चीत बसले. कोणासाठी आले होते ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. समोरच्या संघात सहा फूट दहा इंचांचा एक मुलगा होता. त्या पोलोकडे नजर गेली आणि दोन्ही संघांचा खेळ बदलला. जो तो लांबून थ्री (तीन गुणांचे शॉट) मारायला लागला, पास थांबले. छोटूने मात्र आधी चाललं होतं तेच चालू ठेवलं. चेंडू आणायचा, उंच पोराच्या हातात जाऊ द्यायचा नाही, पडलेल्या सोबत्याला हात द्यायचा. दुसऱ्या हाफमध्ये त्याला बाहेर काढलं तर खुर्चीवर टेकण्याआधी तो बदली मुलाच्या कानात काहीतरी सांगून आला. कोचने मान खाली घालून वहीत काही टिपलं. कोणाबद्दल ते देव जाणे.

घरी येताना एनबीएतल्या स्टीफन करीची गोष्ट आठवली. डेव्हिडसन हे नॉर्थ कॅरोलिनातलं एक छोटं कॉलेज. तिथले तेव्हाचे कोच बॉब मॅकिलप त्याला बघायला लास व्हेगासच्या एका उन्हाळी स्पर्धेला गेले होते. त्या दिवशी करी भयंकर खेळला. चेंडू सुटत होते, शॉट चुकत होते. मॅकिलपना दिसलं ते वेगळंच. त्याने एकदाही पंचांकडे हात वर केले नाहीत, सोबत्यावर चिडला नाही, बाकावर बसला तरी टाळ्या वाजवत होता. त्याच्या वडिलांचं कॉलेज व्हर्जिनिया टेक, तिथून पोराला शिष्यवृत्तीसुद्धा देऊ केली नव्हती. डेव्हिडसनने दिली आणि २००८ साली तेच कॉलेज राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठ संघांत जाऊन बसलं.

आता मुद्द्यावर येतो. पर्ड्यूचे ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, ट्रे कॉफमन-रेन या तिघांचं २०२५-२६ हे शेवटचं वर्ष. तिघंही शाळेतून थेट पर्ड्यूत आले, तीन वर्षांहून जास्त एकत्र राहिले. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत, लुकास ऑइल स्टेडियममध्ये ह्यूस्टनने आपल्याला ६२-६० असं शेवटच्या क्षणी हरवलं तेव्हा मी वरच्या मजल्यावर होतो. अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तरी हे तिघं परत आले. पुढच्या वसंतात मात्र जातील. त्यांच्या जागी कोण, ते या जुलैत ठरतंय. आणि नेमक्या याच वेळी जो तो म्हणतोय की शाळकरी पोरांमागे फिरण्यात आता राम नाही, ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून तयार खेळाडू आणा, पैसे मोजा, मोकळे व्हा.

मला हे मनापासून पटत नाही. मॅट पेंटर स्वतः मन्सीचे, म्हणजे इंडियानातलेच. पर्ड्यूत खेळले आणि २००५ पासून इथेच मुख्य कोच आहेत. त्यांची सगळी मदार ओळखीवर असते. पोरगं दहावीत असल्यापासून त्याला बघायचं, जूनमध्ये त्याची शाळा टीम कँपला आली की बघायचं, हरताना बघायचं. दोन-तीन उन्हाळे पाहिलेलं पोरगं पहिल्या वर्षी बाकावर बसलं तरी पळून जात नाही. कॉफमन-रेन अख्खं पहिलं वर्ष रेडशर्ट राहिला, एक सामना खेळला नाही. आज तो कुठे आहे बघा.

तुमचं मत ऐकायला आवडेल. विशेषतः ज्यांची मुलं या चक्रात आहेत त्यांचं.


संख्याशास्त्री
रविवार, रात्री ११:२५

छान लिहिलंय, पण पूर्णपणे असहमत.

राष्ट्रीय स्पर्धेचा २०२५ चा विजेता फ्लोरिडा. त्यांचे तिन्ही गार्ड बघा : वॉल्टर क्लेटन आयोनाहून आला, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, विल रिचर्ड बेलमाँटहून. २०२४ च्या अंतिम सामन्यात यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) आपल्याला ७५-६० असं धुतलं, त्यात ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलिनाचा आणि कॅम स्पेन्सर रटगर्सचा. बावीस-तेवीस वर्षांच्या माणसासमोर अठरा वर्षांचं पोर उभं करायचं म्हणजे पोरावरच अन्याय.

आधी बदली घेतली की एक वर्ष बसावं लागायचं. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ती अट गेली, २०२४ मध्ये साफच गेली. मग तीन उन्हाळे ज्याच्यामागे घालवले ते पोरगं एका वर्षात निघून जाऊ शकतं. कॅम्डेन हाइडीला आपण एक वर्ष रेडशर्ट ठेवून वाढवलं, या वसंतात तो टेक्ससला गेला. माइल्स कॉल्व्हिन वेक फॉरेस्टला. ओळख होतीच की!


टोरांटोकर
सोमवार, सकाळी ७:०५

वाबाशकाठी, तुम्ही पर्ड्यूच्याच झॅक ईडीचं नाव कसं घेतलं नाही? मग मी घेतो, कारण तो आमच्या गावचा.

दहावीच्या आसपासपर्यंत हा मुलगा बास्केटबॉल खेळतच नव्हता. आइस हॉकी आणि बेसबॉल. नंतर फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत गेला, तिथेही सुरुवातीला पहिल्या संघात नव्हता. त्याच्या वर्षाच्या क्रमवारीत तो चारशेच्याही खाली होता. म्हणजे जे लोक उन्हाळाभर मुलांना दर्जाचे तारे वाटत फिरतात त्यांच्या मते अमेरिकेतली चारशेहून जास्त मुलं त्याच्यापेक्षा सरस होती! पर्ड्यूने काय पाहिलं? सात फूट चार इंच उंची सगळ्यांनाच दिसत होती. हा मुलगा खेळायला नुकताच लागलाय आणि दर महिन्याला सुधारतोय, हे पाहायला मात्र पुन्हा पुन्हा जावं लागतं. पुढे २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू झाला. राल्फ सॅम्पसननंतर हे कोणाला जमलं नव्हतं. २०२४ ला टेनेसीविरुद्ध ४० गुण करून त्याने पर्ड्यूला १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत नेलं.

आता आपल्या लोकांना थेट भिडेल अशी गोष्ट. ईडी कॅनेडियन, म्हणून तो पर्ड्यूत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर होता. तुमच्या-माझ्यासारखाच. २०२१ च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवता येतात, त्याला एनआयएल म्हणतात. सोबतचे खेळाडू जाहिराती करत होते. देशातला सर्वोत्तम खेळाडू मात्र अमेरिकेच्या भूमीवर तशी जाहिरात करायला धजावू शकत नव्हता, कारण ते काम ठरलं तर व्हिसा गेला. केंटकी विद्यापीठाच्या ऑस्कर शिब्वेने, तोही परदेशीच, संघ बहामाजला गेला तेव्हा तिथे बसून अशी कामं उरकली होती. मी स्वतः बफेलोत शिकत असताना आठवड्याला वीस तास कँपसवर ग्रंथालयात काम केलं. एकविसावा तास झाला तर काय, या भीतीने झोप उडायची. ईडीबद्दल वाचलं तेव्हा ती भीती जशीच्या तशी आठवली.

९ डिसेंबर २०२३ ला पर्ड्यू इथे टोरांटोत अलाबामाशी खेळलं. बायकोमुलांना घेऊन गेलो होतो. ९२-८६ ने जिंकलो. ईडीचं नाव पुकारलं तेव्हा माझी धाकटी खुर्चीवर उभी राहिली होती.


वाबाशकाठी
सोमवार, दुपारी १२:४०

टोरांटोकर, ईडीवर वेगळा मोठा प्रतिसाद लिहायचा म्हणून राखून ठेवला होता, तुम्ही माझ्यापेक्षा चांगला लिहिलात.

संख्याशास्त्री, यूकॉनचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. न्यूटन आणि स्पेन्सर बाहेरून आले खरे, पण कॅसल, कॅराबन, क्लिंगन हे तिघं शाळेतूनच आले होते. आणि त्या रात्री आपल्या पहिल्या पाचांत बाहेरून आलेला एकटा लान्स जोन्स, सदर्न इलिनॉयचा. चार जण घरचे. मी पोर्टलला हात लावू नका असं म्हणत नाही. यंदा साउथ डकोटा स्टेटहून ऑस्कर क्लफ आलाय, त्याचं स्वागतच आहे. घर आपण बांधायचं आणि एखादी खिडकी सुताराकडून आणायची, एवढंच म्हणणं.

आणि २०२३ आठवा. फेअरली डिकिन्सनसारख्या सोळाव्या मानांकित संघाकडून ६३-५८ हरलो होतो. त्या आठवड्यात ऑफिसात कोणाशी बोललो नव्हतो. दुसऱ्या कोणी संघ मोडून नवा आणला असता. पेंटरनी तीच पोरं ठेवली, पोरंही राहिली आणि पुढच्या वर्षी तीच अंतिम सामन्यात होती. ही माणसं एका महिन्यात पोर्टलमधून गोळा केलेली असती तर त्या पराभवानंतर एकमेकांच्या तोंडाकडे तरी बघितली असती का?


नियमवाचक
सोमवार, संध्याकाळी ६:३०

धाग्यावर नवीन वाचकही दिसतायत, म्हणून व्यवस्था कशी चालते ते थोडक्यात मांडतो.

उन्हाळ्यात मुलं शाळेकडून कमी आणि क्लबांकडून जास्त खेळतात. या सगळ्याला सरसकट एएयू (अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन) म्हणायची पद्धत आहे. मोठ्या क्लबांच्या मालिका बुटांच्या कंपन्या चालवतात : नायकीची ईवायबीएल, आदिदासची थ्रीएसएसबी, अंडर आर्मरची यूएए. नायकीची अंतिम स्पर्धा म्हणजे पीच जॅम. साउथ कॅरोलिनातल्या नॉर्थ ऑगस्टा गावात होते, सव्हाना नदीच्या अलीकडे. पलीकडे गोल्फवाल्यांचं ऑगस्टा. कूपर फ्लॅग मेन राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या छोट्या गावातला, गावाकडच्या पोरांचा मेन युनायटेड हा संघ घेऊन तो २०२३ ला पीच जॅममध्ये उतरला आणि देशभर नाव झालं. दोन वर्षांनी एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत पहिला.

कोच तिथे बसून बघू शकतो, पण मुलाशी किंवा आईवडिलांशी समोरासमोर बोलायला बंदी. म्हणून ते सगळे खुर्च्यांत हाताची घडी घालून नुसते दिसत राहतात. मुलांच्या बाबतीत, दहावीचं वर्ष संपल्यावरच्या १५ जूनपासून कोच थेट फोन-मेसेज करू शकतात, आणि अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून कॉलेजच्या खर्चाने भेटीला बोलावू शकतात. मुलींचं वेळापत्रक वेगळं असतं.

'ऑफर' या शब्दाबद्दल पालकांची फार फसगत होते. तोंडी ऑफर कोणालाच बांधील नसते, कॉलेजलाही नाही आणि मुलालाही नाही. आधी लेटर ऑफ इंटेंट नावाचा बांधून घेणारा कागद होता, तोही ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर.

जूनचे शाळांचे दिवस कुठून आले, त्यालाही इतिहास आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने दहा जणांना पकडलं. त्यात चार असिस्टंट कोच आणि आदिदासचा एक अधिकारी होता. उन्हाळी क्लबांच्या आडून मुलांच्या घरच्यांपर्यंत पैसा पोचवला जात होता. लुइव्हिल विद्यापीठाचे मुख्य कोच रिक पिटिनो यांची नोकरी गेली. मग माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस यांची समिती बसली, एप्रिल २०१८ मध्ये अहवाल आला, आणि २०१९ पासून जूनमध्ये शाळेच्या संघांसोबत मुलांना पाहायची सोय झाली. शाळेचा कोच मुलाला चार वर्षं वर्गात, मैदानात रोज बघत असतो. त्याला पुन्हा खेळात आणलं, हा त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग असं माझं मत.


गाडीवाली_आई
सोमवार, रात्री ११:५०

मुलगी झोपली, आता सविस्तर लिहिते.

माझी लेक सोळा वर्षांची आहे, चौथीपासून खेळते. आम्ही ओहायोत. गेली तीन वर्षं आमचे उन्हाळे म्हणजे गाडी, कूलर, ओले मोजे आणि हॉटेलातला वॉफल. मला या खेळाने पुष्कळ दिलंय. माझी लेक बोलायला लाजायची, आज ती पाच मुलींना ओरडून जागा दाखवते. पण ज्या धंद्यात मुलांना ओढलं जातं त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका क्लबात गेलो. नाव लिहित नाही. "आमच्याकडे आलात तर कॉलेजचे कोच बघतील," असं सांगितलं होतं. फी, गणवेश, प्रवास, हॉटेल धरून त्या उन्हाळ्यात आमचे साडेचार हजार डॉलर गेले. नवऱ्याची नोकरी त्या वर्षी डळमळीत होती, तरी भरले. प्रत्यक्षात लेकीला दुसऱ्या संघात टाकलं, आणि तो संघ ज्या हॉलमध्ये खेळायचा तिथे तीन दिवसांत एकही कोच फिरकला नाही. सगळे पलीकडच्या इमारतीत होते. तिसऱ्या दिवशी ती गाडीत म्हणाली, "आई, मी वाईट खेळले म्हणून कोणी आलं नाही का?" तिला काय उत्तर द्यायचं तेच सुचेना. ती वाईट खेळली नव्हती. तिला बघायला कोणी येणारच नव्हतं, आणि हे पैसे घेणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं.

नंतर आम्ही गावातल्या एका छोट्या संघात आलो. त्या बाई शाळेत गणित शिकवतात, उन्हाळ्यात संघ चालवतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलींना विचारलं, तुम्हाला शिकायचंय काय, कॉलेज कुठे हवंय. मग मुलींकडूनच तिथल्या कोचना ईमेल लिहून घेतले, सोबत सामन्याची चार मिनिटांची चित्रफीत. गेल्या महिन्यात लेकीला डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळाच्या तीनपैकी सगळ्यात खालच्या स्तरातल्या, दोन कॉलेजांकडून उत्तरं आली. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, अभ्यासाची मिळू शकते. तिला नर्सिंग करायचंय. उत्तर वाचून ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडली, कणकेचे हात तसेच.

वाबाशकाठी, तुमच्या छोटूच्या घरच्यांना एवढंच सांगा : कोणी बघतंय का, हे आधी विचारा आणि मग पैसे भरा.


प्राजक्तफुलं
मंगळवार, सकाळी ८:१५

गाडीवाली_आई, वाचून डोळे भरून आले. लेकीला शुभेच्छा. खेळातलं काही कळत नाही, तरी वाचतेय.


नागपाडावाला
मंगळवार, सकाळी ९:००

मी मुंबईचा, वय सत्तरच्या पुढे. नातू अमेरिकेत शिकतो, त्याने हा धागा पाठवला.

आमचं सगळं आयुष्य नागपाड्याच्या कोर्टावर गेलं. नागपाडा नेबरहूड हाऊस १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी सुरू केलं, तिथे बास्केटबॉल रुजला. जवळच मस्तान तलावाचं मैदान. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहायची, त्यामुळे पोरं संध्याकाळी कोर्टावर आणि रात्रीही कोर्टावर. अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले, भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचा खेळ बघायला आम्ही भिंतीवर चढून बसायचो.

तुम्ही ज्याला रिक्रूटिंग म्हणता ते आमच्याकडेही होतं. स्पर्धेत एखादा मुलगा चमकला की सामना संपल्यावर एखादे साहेब यायचे, "शिक्षण किती झालं? वय काय?" विचारायचे. रेल्वे, कस्टम्स, बँका यांचे संघ होते. मुलगा संघात गेला म्हणजे घरात पगार आला. आई देवापुढे किंवा दर्ग्यात जाऊन नवस फेडायची. त्या नोकरीने आमच्या कित्येक घरांची दैना फिटली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे खेळाच्या पैशाबद्दल माझ्या मनात वाईट भावना नाही. गरिबाच्या पोराला खेळाने पैसा मिळाला तर चांगलंच आहे.

फरक एकच जाणवतो. आमच्याकडे साहेब यायचे ते नोकरी घेऊन, निवृत्तीपर्यंतची. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत राहायची. तुमच्या या मुलांचा गुडघा गेला तर त्यांच्या मागे कोण उभं राहतं?


संख्याशास्त्री
मंगळवार, सकाळी ९:४५

नागपाडावाला काका, नमस्कार. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. मोठ्या विद्यापीठांत दुखापतीमुळे शिष्यवृत्ती काढून घेता येत नाही, म्हणजे पदवीपर्यंत आधार आहे. आपल्याच डॅनियल जेकबसनचा पाय गेल्या नोव्हेंबरमध्ये मोडला, अख्खा मोसम गेला, तरी तो संघात आहे, आणि सात फूट चार इंचांचं ते पोर परत उभं राहिलंय. छोट्या कॉलेजांत चित्र इतकं बरं नसतं.

पैशांबद्दल एक भर. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. या १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, सगळे खेळ धरून पहिल्या वर्षी (२०२५-२६) २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पुरुषांच्या बास्केटबॉल संघात जास्तीत जास्त पंधरा जण. पंधराच्या पंधरा जागांचा पगारपत्रकासारखा हिशोब होणार. म्हणून म्हणतो, अठरा वर्षांच्या पोरावर डाव लावणं दर वर्षी महाग होत जाणार. मला हे आवडतं असं नाही.


वाबाशकाठी
मंगळवार, दुपारी १:१०

त्या पंधरा जागांचाच मला घोर लागलाय. अमेरिकेत शाळेत बास्केटबॉल खेळणारी मुलं पाच लाखांच्या वर आहेत. त्यातला शंभरात एक डिव्हिजन वनला पोचतो. पोर्टलमधून तेविशीतला माणूस आणला की तेवढी एक जागा एका बारावीच्या पोराची गेली. ते पोर मग खालच्या कॉलेजात जातं, तिथलं पोर आणखी खाली, आणि सगळ्यात खालचं घरी बसतं.

ब्रेडन स्मिथचं बघा. वेस्टफिल्डचा, आमच्या शेजारच्या गावचा. सहा फूट उंची. बड्या विद्यापीठांची त्याच्या दारात रांग नव्हती. पर्ड्यूने घेतला. २०२२ ला इंडियानाचा मिस्टर बास्केटबॉल (राज्यातला सर्वोत्तम शाळकरी खेळाडू), २०२५ ला बिग टेनचा, म्हणजे पर्ड्यू खेळतं त्या लीगचा, सर्वोत्तम खेळाडू. आज तो बारावीत असता तर त्याची पाळी आली असती का? संख्याशास्त्री, तुमच्या हिशोबात तो कुठल्या रकान्यात बसला असता, हे मी खरोखर विचारतोय.


संख्याशास्त्री
मंगळवार, दुपारी २:००

बसला नसता. हे मान्य.


विदर्भाचा_मास्तर
मंगळवार, रात्री ९:२०

नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यात शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडे नववीत एक मुलगी आहे, उंची पाच अकरा, हात लांब, डोकं शांत. वडील शेतकरी. शाळेत कोर्ट डांबरी आहे, मे महिन्यात पाय भाजतात म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला सराव घेतो. तिच्यासाठी दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळवायचे, एवढाच विचार मी आतापर्यंत केला होता. मागच्या महिन्यात नागपूरच्या एका स्पर्धेत एक जण भेटले, अमेरिकेत कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणाले, नोंदणीचे साठ हजार मागितले. वडील बैल विकायला निघालेत. मी थांबवलंय. काय करावं?


गाडीवाली_आई
मंगळवार, रात्री ९:३५

सर, थांबवलंत ते फार बरं केलंत. एक रुपयाही देऊ नका. मुलीला संधी देण्याआधी कोणी पैसे मागत असेल तर तो तिच्यासाठी काम करत नाहीये.


नियमवाचक
मंगळवार, रात्री १०:४५

मास्तर, अजून वेळ आहे आणि मुलगी नववीत आहे हे उत्तम. काही गोष्टी आजपासून जपा.

एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळ चालवणारी संस्था, नववीपासूनचे गुण बघते. डिव्हिजन वनसाठी १६ मुख्य विषय आणि ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं हे विषय सुटता कामा नयेत. नववी सुरू केल्यापासून चार वर्षांत बारावी पूर्ण व्हायला हवी. खेळासाठी म्हणून एक वर्ष गॅप घेऊ नका, त्यात पात्रता अडकू शकते. सगळ्या गुणपत्रिका मूळ प्रतींसह जपून ठेवा. एसएटी या प्रवेश परीक्षेची सक्ती २०२३ मध्ये गेली, तरी कॉलेज स्वतःची अट ठेवू शकतं. इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी द्यावी लागते, त्याची तयारी आत्तापासून. कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार करू नका, कोणाच्याही कागदावर वडिलांचा अंगठा नको. नोंदणी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर स्वतः करता येते, मधल्या माणसाची गरज नाही.

आणि रस्ता अगदीच अनोळखी नाही. आपल्या देशातली कविता अकुला ग्रँड कॅन्यन विद्यापीठाकडून डिव्हिजन वनमध्ये खेळली. २०१७ मध्ये दिल्लीजवळ सुरू झालेल्या एनबीए अकॅडमीतला अमान संधू मनमथ विद्यापीठात गेला. मोजकीच नावं आहेत, पण आहेत.


नागपाडावाला
बुधवार, सकाळी ६:५०

मास्तर, मुलीला मुंबईला घेऊन या, दिवाळीच्या सुट्टीत. राहायची सोय आमच्याकडे, माझी सून आणि नात घरात आहेत. नात स्वतः खेळते. दोन आठवडे इथल्या मुलींबरोबर खेळू दे. सिमेंटच्या कोर्टावर चेंडू कसा उसळतो तेही कळेल. खर्च काही नाही. पोस्टात पडून राहिलेले पैसे कशाला आहेत मग.


विदर्भाचा_मास्तर
बुधवार, सकाळी ७:३०

काका, काय लिहू. तिच्या वडिलांना आज संध्याकाळी भेटतो.


टोरांटोकर
बुधवार, सकाळी ८:००

मास्तर, बूट आम्ही पाठवू. माप कळवा. इथे आमच्या मंडळात तिघांनी आत्ताच हो म्हटलंय.


वाबाशकाठी
शुक्रवार, रात्री ११:००

दोन दिवस कामात होतो, सगळे प्रतिसाद आज वाचले. मास्तर, माप कळवलंत का? राहिलं असेल तर विसरू नका.

छोटूचं बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सांगतो. पर्ड्यूकडून फोन आला नाही. येईल असं मला वाटतही नव्हतं, तरी मनात कुठेतरी होतं. त्या सहा फूट दहावाल्याला म्हणे सोमवारीच आला. पण काल संध्याकाळी इथल्याच एका डिव्हिजन टू कॉलेजच्या कोचचा छोटूच्या वडिलांना फोन आला. ते गृहस्थ त्या रविवारी वरच्या गॅलरीत उभे होते, खुर्चीसुद्धा मिळाली नव्हती. त्यांनी छोटूच्या शॉटबद्दल एक शब्द काढला नाही. "बाहेर काढल्यावर बदली मुलाला काय सांगितलंस?" असं विचारलं. छोटू म्हणाला, "तो उंच मुलगा नेहमी डावीकडेच वळतो, तेवढं सांगितलं."

वडील ट्रक चालवतात, शनिवारी त्यांची फेरी आहे. म्हणून कॉलेज बघायला छोटूला आणि त्याच्या आईला मी घेऊन जातोय. माझा मुलगाही येतोय. सकाळी सहाला निघायचंय, डबा बायको देतेय.